संत्र्याची साठ पाकिटं

आमच्या घरात चेंडू कुठेही ठेवा, तो घरंगळत कोठीच्या दाराशी जाऊन थांबतो. फरशीला उतार नाही. कोठीतल्या मालाचं वजनच तेवढं आहे. मागच्या वर्षी एक उंदीर आत शिरला. तिसऱ्या दिवशी तो पुढच्या दाराने बाहेर आला, माझ्याकडे बघून त्याने मान हलवली आणि शेजाऱ्यांकडे राहायला गेला. खोटं वाटत असेल तर शेजाऱ्यांना विचारा. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

ही सगळी करणी आमच्या हिची. एकतीस वर्षं ही बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होती. हिच्या सहीशिवाय तिथून साधा नटसुद्धा हलत नसे. निवृत्त झाली त्या दिवशी वर्कशॉपने सुटकेचा निःश्वास सोडला, तो माझ्या घशात येऊन अडकला.

"घरात कुणी आजारी पडलं की बाजारात धावायची वेळ येता कामा नये," ही म्हणाली आणि कोठी भरायला लागली. तांदूळ, डाळी, बिस्किटं, साबण, तापाच्या गोळ्या. थर्मामीटर दोन, एका थर्मामीटरलाच ताप आला तर दुसरा असावा म्हणून. पोट बिघडलं तर पाण्यात घालून प्यायची क्षारांची पाकिटं ऐंशी: साठ संत्र्याच्या चवीची, वीस लिंबाच्या. प्रत्येक पाकिटावर निळ्या पेनने नंबर. दाराला कुलूप, किल्ली हिच्या उशीखाली.

आणि चिठ्ठी! काहीही हवं असलं की चिठ्ठी लिहायची. ती ही तपासणार, मग हीच मंजूर करणार, आणि माल देणारही हीच. एकदा माझं बोट कापलं. पट्टी मागितली.

"नग किती?"

"एक! अगं, रक्त येतंय."

"कारणाच्या रकान्यात लिहा तसं."

मंजुरी येईपर्यंत जखम भरून आली होती. मग माल परत केल्याची वेगळी चिठ्ठी लिहावी लागली.

अशा राज्यात माणूस चोर झाला नाही तरच नवल. झोपायच्या खोलीत माझ्या कपड्यांच्या कपाटामागे कोठीची भिंत नुसत्या प्लायवूडची आहे. मी दोन स्क्रू काढले, फळी सरकवली आणि दुपारी ही झोपली की हात घालून संत्र्याचं एक पाकीट काढायला लागलो. गार पाण्यात ते असं काही लागायचं की विचारू नका! घरात कुणाचं पोट बिघडायच्या आत नवी आणून ठेवू, असं रोज ठरवायचो. रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे भरायचो, तेही नीट, कोपऱ्यापर्यंत. चोरी केली तरी काम व्यवस्थित हवं.

साठावं पाकीट प्यायलो, त्याला आठवडा झाला नसेल, तोच ही आजारी पडली.

सकाळपासून उलट्या, जुलाब, वर ताप. ओठ पार सुकलेले. लेक आमची नर्स आहे. तिने फोनवर मलाच दम भरला. "बाबा, साधं पाणी नुसतं देऊ नका, क्षारांचं द्या. घोट घोट, दर पाच मिनिटांनी. चारला माझी ड्यूटी संपेल. तोवर आईच्या पोटात पाणी टिकलं नाही तर मी तिला उचलून सलाईन लावायला नेणार आहे."

"ऐकलंस?" मी हिला म्हणालो. "किल्ली दे."

"चिठ्ठी," ही डोळे मिटूनच म्हणाली.

मी चिठ्ठी लिहिली. कारण: बायको. हिच्यापुढे धरली.

"सही कर."

"मी नाही करणार."

"का?"

"मी आजारी आहे. आजारी माणसाची सही चालत नाही. माझ्या आधीच्या साहेबांनी तापात सही केली आणि चाळीस टायर गेले बाहेर. नोकरी गेली त्यांची. एकतीस वर्षांत मी अंगात ताप असताना एक सही केलेली नाही."

"अगं, हे टायर नाहीत! आणि कोठी आजारपणासाठीच भरलीस ना तू?"

"घरच्यांच्या आजारपणासाठी. स्टोअरकीपर आजारी पडला तर आधी चार्ज दुसऱ्याला द्यावा लागतो."

"दे मग चार्ज मला!"

"घ्या ना. पूर्ण माल मोजून घ्या. एकेक खोकं उघडून."

एकेक खोकं उघडून!

मी चपला घातल्या आणि समोरच्या औषधाच्या दुकानात पळालो. दुकानदार गल्ल्यावर बसून जांभया देत होता.

"क्षारांची पाकिटं? काका, चेष्टा करता का? होती नव्हती ती सगळी काकूंनीच नेली. मीच तुमच्याकडे दोन उसनी मागायला येणार होतो."

घरी येऊन स्वयंपाकघरात मीठ-साखर पाण्यात कालवली. लेकीने मापही सांगितलं होतं, पण घाईत मी अंदाजाने घातलं. हिने एक घोट घेतला आणि तो माझ्या सदऱ्यावर परत केला.

"हे कुठल्या समुद्राचं आणलंत?"

बोलणं तिखट होतं, पण आवाज पार खोल गेला होता. घड्याळात सव्वादोन झाले होते.

लिंबाची वीस पाकिटं फळीपलीकडे शाबूत होती. मला लिंबाची चव आवडत नाही, म्हणून वाचलेली. हात घालून एक काढायचं, एवढंच काम. पण पाकिटावर निळा नंबर. तो बघून ही विचारणार, कुलूप बंद असताना हे आलं कुठून? आणि न सांगता पाण्यात कालवून पाजावं, तर नंबर बघितल्याशिवाय ही औषधाचा थेंबही तोंडात घेत नाही.

मी पलंगाच्या कडेवर बसलो. घसा खाकरला.

"अगं, ऐक. संत्र्याच्या पाकिटांचं... ती नाहीत."

एक डोळा उघडला. "म्हणजे?"

"मी प्यायलो."

"किती?"

"साठ."

दुसरा डोळा उघडला. "साठच्या साठ?"

"दुपारी उकडतं फार."

"कुलूप मी रोज तपासते. काढलीत कुठून?"

मी कपाट सरकवून फळी दाखवली. ही कोपरावर टेकून उठली आणि त्या फटीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ताप डोक्यात चढणार.

"आणि लिंबाची?"

"लिंबाची मला आवडत नाहीत."

"म्हणजे वीस आहेत तिथे?"

"आहेत. पण तुझी सही..."

"अहो!" ही किंचाळली. तेवढ्यात कोठीतल्या वरच्या फळीवरचे चार साबण खाली पडले, शपथ घेऊन सांगतो. "साठ वेळा सही न घेता काढलीत ना? मग आज कसली सही मागताय? मी माल देत नाहीये. तुम्ही चोरताय. चोरीला चिठ्ठी लागते का? घाला हात!"

मी हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या डोळ्यांदेखत चोरी केली, आणि मालक पलंगावरून सूचना देत होता. "डावीकडे... अहो, डावीकडे! तिसरं खोकं. पाणी उकळून गार केलेलंच घ्या. लिटरभर. मापाने!"

पहिला घोट टिकला. दुसराही. चार वाजता लेक आली, तेव्हा ही तिसरा ग्लास संपवत होती आणि मी कोपऱ्यात उभा राहून बोलणी खात होतो. लेकीने नाडी बघितली, जीभ बघितली आणि सलाईनचं नाव काढलं नाही.

चार दिवसांत ही ठणठणीत झाली. मला वाटलं, आता फळीला खिळे ठोकणार. तसं काही केलं नाही. "स्टोअरकीपर आजारी असताना वापरायचा रस्ता" अशी पाटी लावली, संत्र्याची नवी साठ पाकिटं बरोबर फटीजवळ रचली आणि दोरीला एक वही बांधली. तारीख, वेळ, नग, चोराची सही.

आज महिना झाला. रोज दुपारी मी कपाट सरकवतो, वही बघतो आणि साधं पाणी पिऊन झोपतो.