एकोणीस दिवसांचं बिऱ्हाड

“आणखी?” मिल्टनने विचारले. तोंडात अंड्याचे सँडविच, हातात पेन्सिल.

“आणखी काही नाही. एकोणीस दिवसांत माणूस करून करून काय करणार?”

“आठव की जरा. बारा भाग निघाले त्यातून. तेराव्यापुरतं काहीतरी असेलच.”

“नाही म्हटलं ना.”

मिल्टन ‘नवं बिऱ्हाड’चा लेखक. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, पंधरा मिनिटे, टीव्हीवर नुकतेच लग्न झालेल्या जोडप्याची गंमत. सगळे तिथल्या तिथे, थेट. चुकले तर देशाला दिसले. मी संहिता टंकायची आणि प्रसारणाच्या वेळी कॅमेऱ्याखाली बसून हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायची. मिल्टनचे लग्न झालेले नव्हते. नवराबायको म्हणजे शेजारच्या भिंतीतून येणारी भांडणे, एवढीच त्याची माहिती.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मी बोलून गेले होते, की माझा नवरा लीफ सव्वासहा फूट उंच. ब्रुकलिनमधल्या आमच्या खोलीत दिवा खाली लोंबायचा. रोज सकाळी त्याचे डोके दिव्यावर आपटायचे आणि तो दिव्याला अदबीने म्हणायचा, “गुड मॉर्निंग, साहेब.” मिल्टन चावायचा थांबला. त्या शुक्रवारी आमचा नट रॉय डेंटन दिव्यावर डोके आपटून तेच म्हणाला.

मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू? सात वर्षांपूर्वी जहाजाबरोबर अटलांटिकच्या तळाशी गेलेला माणूस न्यूयॉर्कला हसवत होता. मग मी देत गेले. लीफने करपवलेली ओटची लापशी, भांडे लपवायला खिडकीबाहेर ठेवलेले आणि सकाळी त्यात गोठून बसलेला चमचा. आमचा पलंग मोडला तेही दिले. पण मालिकेचा पैसा साबणाच्या कंपनीचा. तिचे म्हणणे, नवविवाहित असोत, खाटा दोन हव्यात, मध्ये टेबल हवे. मिल्टनने पलंगाची खुर्ची केली आणि आम्ही खुर्ची मोडली.

लीफ बुडाल्याचे पत्र त्याच्या आईला आले होते, बोर्गहिल्डला. तेव्हापासून आम्ही दोघी दोन खोल्यांच्या घरात एकत्र राहत होतो. सुरुवातीला त्या विचारायच्या, “कसा गं वागायचा तो तुझ्याशी? काय बोलायचा?” मी म्हणायची, “काय सांगू आई, एकोणीसच दिवस तर मिळाले.” मी कंजूष होते. त्यांच्या वाट्याला तो चोवीस वर्षे आला होता, माझ्या वाट्याला एकोणीस दिवस; त्यातले त्यांना कशाला द्यायचे? पुढे त्यांनी विचारणे सोडले. आणि तेच मी मिल्टनला सँडविच खाता खाता देऊन टाकले.

शुक्रवारी त्या खालच्या मजल्यावरच्या मिसेस रूडकडे टीव्ही बघायला जायच्या. काळा ठेवणीतला पोशाख, गळ्याशी चांदीची पिन. मला वाटायचे, सुनेचे काम बघायला जातात.

एक गोष्ट मात्र मी मिल्टनलाही दिली नव्हती. घरमालक सातच्या आत घर गरम करणारा बॉयलर पेटवायचा नाही. लीफ माझ्याआधी उठायचा, माझे बूट शर्टाच्या आत छातीशी धरून बसायचा, आणि ते ऊबदार झाले की माझ्या पायांत घालायचा. जहाजावर गेला त्या दिवशी मी उठले तेव्हा तो निघून गेला होता. बूट त्याच्या उशीखाली होते, अजून कोमट. हे माझे होते.

तेरावा भाग शेवटचा ठरला. साबणवाल्यांनी कळवले, बायका हसतात पण साबणाची पावडर घेत नाहीत. दुपारच्या तालमीत सगळ्यांचे मन भरून आले होते. दिवेवाले, कॅमेरेवाले, सगळे निरोपाचे म्हणून मोठमोठ्याने हसले, आणि मी गाढवासारखे ते हसणेही भागाच्या वेळेत मोजले. प्रसारणात कामगारांनी हूं की चूं करायचे नसते. पहिला प्रवेश संपला, साबणाची जाहिरात सुरू झाली, आणि मी घड्याळ बघितले. भाग चाळीस सेकंदांनी कमी पडत होता.

“चाळीस?” रॉय कुजबुजला. “चाळीस सेकंद मी काय नाचू?”

मिल्टन माझ्याजवळ वाकला. “चूक तुझीये, अ‍ॅग्नेस. वर कळलं तर दुसऱ्या कुठल्या मालिकेवर घेणार नाहीत तुला. त्याचं काहीतरी उरलंय, मला माहितीये. दे.”

जाहिरातीचे वीस सेकंद उरले होते. नोकरीवर दोन बायकांचे पोट होते. मी म्हणाले, “तो माझे बूट छातीशी धरून गरम करायचा.”

रॉयने केले. खाटेखालून बायकोचे बूट काढले, शर्टात घालायला नेले, मग थांबला, वास घेतला, आणि दोन बोटांनी नाक धरले. डोळे फिरवले. पुन्हा वास घेतला. कामगार फुटले, नियमबियम विसरून खदाखदा हसले, ते सगळीकडे ऐकू गेले. बरोबर चाळीस सेकंद. घड्याळ माझ्याच हातात होते.

घरी गेले तर सासूबाई स्वयंपाकघरात बसलेल्या. पोशाख बदललेला नव्हता.

“लहानपणी माझे बूट असेच गरम करायचा,” त्या म्हणाल्या. “बाप समुद्रावर असला की. एवढासा होता, बूट शर्टातून बाहेर यायचे.”

माझा कोट काढायचाच राहिला.

“दिवा पण त्याचाच ना? आणि चमचा?”

“हो, आई.”

“वाटलंच होतं मला. पहिल्याच शुक्रवारी ओळखला मी त्याला.” त्यांनी पिन काढून टेबलावर ठेवली. “त्यानं कधी नाक धरलं नव्हतं, अ‍ॅग्नेस.”

“नाही धरलं.”

“त्या लोकांना सांगितलंस. मी सात वर्षं इथंच बसलेय की गं.”



रविवारी मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. म्हटले, आई, सांगते, पहिल्या दिवसापासून सांगते. खोली सांगितली, दिवा सांगितला. दिव्याखाली लीफला उभा करायला गेले तर रॉय उभा राहिला, तोंडाला पावडर लावलेला. बूट आठवायला गेले तर नाक धरलेला. मी खुर्ची मागे सरकवली.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या आणि बटाटे सोलायला घेतले.

पुढच्या शुक्रवारी सव्वासातला त्यांनी काळा पोशाख घातला, पिन लावली.

“आई, ती मालिका संपली. आता कुस्त्या आहेत तिथं.”

“माहितीये.”

मीही मागोमाग खाली गेले. मिसेस रूडच्या टीव्हीवर दोन जाडे पैलवान एकमेकांची डोकी काखेत धरून गोल फिरत होते. सासूबाई मांडीवर पर्स ठेवून ताठ बसल्या होत्या.

“बोर्गहिल्ड, तुला कुस्ती कधीपासून आवडायला लागली?” मिसेस रूडने विचारले.

“नाही आवडत,” त्या म्हणाल्या. “पण ही वेळ त्याची आहे.”

आणि मला बसायला जागा करून देण्यासाठी त्या थोड्या सरकल्या.