चाळीस लिटर नवरा

डिम्पनाने उभा जन्म लिमरिक शहरात बस चालवली होती. त्या नोकरीने तिला दोन गोष्टी दिल्या: एक पेन्शन आणि दुसरा आवाज. ती "मागे सरका" म्हणाली की माणसं तर सरकायचीच, पण मागची सीटही जराशी सरकायची, असं तिचा धाकटा भाऊ मॅलकी सांगायचा. निवृत्त झाल्यावर तिने बेकरीची एक जुनी व्हॅन घेतली. आत दोन बिछाने, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, नोकरी सुटलेल्या मॅलकीला सोबत घेतलं आणि घराला कुलूप लावून निघाली.

व्हॅनमध्ये राहायचं तर सगळ्यात मोठी कटकट जागेची नसते, पाण्याची असते. कुठे पेट्रोलपंपावर, कुठे दफनभूमीच्या नळावर टाकी भरून घ्यायची. क्लेअर परगण्याच्या किनाऱ्याजवळ मात्र पंप बंद निघाला आणि दफनभूमीच्या नळावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी. टाकीत तर चहापुरतंही पाणी उरलेलं नव्हतं. आणि चहा मिळाला नाही की डिम्पना कशी वागते, हे मॅलकीला लहानपणापासून ठाऊक होतं. तो बादली घेऊन धूम पळाला.

परत आला तो नाचतच. "सापडलं! झुडपांत एक विहीर आहे. दगडी पायऱ्या, संतिणीची मूर्ती, झाडाला बांधलेल्या नवसाच्या चिंध्या! पाणी असं नितळ की तळातली नाणी मोजून घे!"

दोघांनी बादल्या वाहून टाकी भरली. मॅलकीने तिथेच ओंजळ तोंडाला लावली.

"अरे थांब! वर बघ, चढावर गाई उभ्या आहेत."

"उभ्याच आहेत ना? विहिरीत तर नाहीत!"

"त्यांच्या पोटातलं उतरून कुठे जातं रे? वरच राहतं का?"

"अगं, पवित्र विहीर आहे ही. चौदाशे वर्षं लोक हे पाणी पितायत!"

"त्यातले आज किती जिवंत आहेत?" डिम्पना म्हणाली.

मॅलकी हट्टाने आणखी दोन ओंजळी प्यायला. डिम्पनाने मात्र आपल्या वाटणीचं पाणी आधी फिल्टरमधून गाळलं, मग किटलीत चांगलं खळखळ उकळलं आणि तेव्हा कुठे चहा केला. दुपारपर्यंत निकाल लागला. डिम्पना खुर्ची टाकून बिस्किटं खात बसली होती, आणि मॅलकी फावडं घेऊन कुंपणापलीकडे गेला होता. परत यायचा, बसायचा, चेहरा पांढरा पडायचा, आणि पुन्हा फावडं उचलायचा.

तेवढ्यात कुत्र्याला फिरवत कॉनकॅननबाई आल्या. गावात कुणाकडे काय शिजतं ते शिजायच्या आधी यांना कळायचं. त्यांनी ओल्या बादल्या पाहिल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"विहिरीचं पाणी घेतलंस का गं? किती?"

"टाकी भरून. चाळीस लिटर."

"अगं माझे आई!" बाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. "तीन घोट पुरतात गं! तीन घोट प्यायले की वर्षाच्या आत नवरा मिळतो. चाळीस लिटर! एवढे नवरे ठेवणार कुठे? या गाडीत?"

"मला नवरा नकोय. चहा हवा होता."

"तुला काय हवं ते पाण्याला काय कळणार?"

"मी गाळून, उकळून प्यायले."

बाईंचा जबडा खाली आला. "संतिणीला उकळलंस?"

"संतिणीला नाही हो, जंतूंना."

"आणि गाळलंस पण?" बाईंनी क्षणभर विचार केला. "मग नवरा फिल्टरमध्ये अडकला असणार. फेकून देऊ नकोस हं तो."

"तुम्ही पिता का हे पाणी?"

"मी?" बाई चिडल्याच. "मला वेड लागलंय का? घरी नळ आहे माझ्या. वर एवढ्या गाई चरतायत, दिसत नाहीत तुला?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना संपून लोक चर्चबाहेर पडतात न पडतात तोच कॉनकॅननबाईंनी बातमी सगळ्या गावाला वाटून टाकली. दुपारी व्हॅनसमोर तीन बाप्ये उभे. तिघेही अविवाहित, तिघांचेही केस पाणी लावून चापून बसवलेले. मॉसीच्या हातात दोरीला लटकवलेले ताजे बांगडे, सेननच्या खांद्यावर चुलीत जाळायच्या पीटचं पोतं, आणि तिसरा, पॅकी, रिकाम्या हातांनी आपल्या बुटांकडे बघत होता.

डिम्पनाला आधी राग आला. मग तिला आठवलं, टाकीत अजून तेच विहिरीचं पाणी आहे.

"एकेकाने पुढे या! दारात गर्दी करू नका!" ती गरजली, आणि तिघे आपोआप रांगेत उभे राहिले. "प्रश्न एकच. तुमच्या घरी प्यायचं पाणी येतं कुठून?"

"पावसाचं," मॉसी हसून म्हणाला. "छपरावरून थेट पिंपात. फुकट!"

"छपरावर समुद्रपक्षी बसतात?"

"बसतात म्हणजे? हक्काने बसतात!"

"पुढचा."

सेनन म्हणाला, "ओढ्याचं. चढावर माझ्या गाई चरतात, त्यांच्या जरा खालून घेतो."

"विहिरीच्या वर चरतात, त्याच गाई?"

"त्याच!" सेनन अभिमानाने म्हणाला. व्हॅनच्या आतून मॅलकीचं भेसूर कण्हणं ऐकू आलं. सेनन पीटचं पोतं तिथेच ठेवून निघून गेला.

पॅकीने बुटांवरची नजर काढली नाही. "बोअरवेल आहे. खडकात खूप खोल. दरवर्षी तपासून घेतो."

"आणि काय निघतं?"

"काही नाही."

डिम्पनाचा श्वास अडकला. "काहीच नाही?"

"थोडा चुना."

गावात आजवर कुणी कुणाला इतकं गोड काही बोललं नव्हतं, असं कॉनकॅननबाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं. त्या अर्थातच कुंपणाआड उभ्या होत्या.

पॅकीच्या अंगणात व्हॅन नेऊन डिम्पनाने टाकीतलं सगळं पाणी खाजकुयलीसारख्या टोचऱ्या झुडपांवर ओतून दिलं. टाकी औषध घालून खळखळून धुतली. पॅकीने शेडमधून गुंडाळून ठेवलेला पांढरा पाइप आणला. तोंडाला झाकण होतं. "हा फक्त प्यायच्या पाण्याचा," तो म्हणाला. "गोठ्याचा वेगळा आहे." आता मात्र डिम्पनाच्या डोळ्यांत पाणी आलं. असा माणूस तिला बसच्या सबंध नोकरीत भेटला नव्हता. म्हणूनच त्याला फसवणं तिला बरं वाटेना.

"पॅकी, सरळच सांगते. मी लग्न करणार नाही."

पॅकीने इतका लांब श्वास सोडला की पायऱ्यांवरचं मांजर उठून दुसरीकडे गेलं.

"बरं झालं बाई! मलाही नकोय. कॉनकॅननबाई सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसल्या होत्या. मी निघालो नसतो तर त्या उठल्याच नसत्या."

"मग पाण्याच्या बदल्यात काय देऊ तुम्हाला?"

पॅकी पुन्हा बुटांकडे बघू लागला. "गुरुवारी गुरांचा बाजार असतो. मला गाडी चालवता येत नाही. परीक्षेत दरवेळी नापास होतो. शेजारी नेतात, पण वाटभर बोलतात."

"माझ्या बसमध्ये पाटी होती," डिम्पना म्हणाली. "ड्रायव्हरशी बोलू नये."

पॅकी पहिल्यांदाच हसला.

गुरुवारी तो आला तो एक मेंढा घेऊन. तो विकायचा होता. मेंढा आत शिरला, मॅलकीच्या बिछान्यावर ऐसपैस बसला आणि उशीचा कोपरा चघळू लागला.

"डिम्पना! तो माझी उशी खातोय!"

"मागे सरका," डिम्पना म्हणाली. मॅलकी सरकला, मेंढा सरकला नाही.

बाजारापर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. बाजारात एक माणूस मेंढ्याला चांगला भाव देत होता, पण पॅकी त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हा फार बोलतो." मेंढा परत व्हॅनमध्ये आला. येताना डिम्पनाने सगळ्यांसाठी चिप्स घेतल्या, मेंढ्यालाही दोन दिल्या.

शेताच्या फाटकाशी उतरताना पॅकीने विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"

"टाकी तोवर रिकामी होईलच," डिम्पना म्हणाली, आणि मॅलकीला मेंढा ओढून खाली काढायला लावलं.