यंत्रात बसलेले आजोबा

आमच्या कोचकोर गावच्या क्लबात इतकी गर्दी होती की बायकांनी पोरांना खिडक्यांत बसवलं होतं. पडद्यावर माहितीपट चालू होता. लोखंडी हात, काचेचे डोळे, आणि मरण हा एक आजार असून त्यावर इलाज निघालाय, असं सांगणारा खर्जातला आवाज. दिवे लागले तसा राजधानी बिश्केकहून आलेल्या माक्सात सरांनी एक चंदेरी पट्टा वर धरला.

"शरीर म्हणजे जुनं खोगीर, फाटलं की फेकायचं. मन आम्ही यंत्रात उतरवतो. गेलेला माणूससुद्धा तुमच्या मनातून बोलतो."

पट्टा माझ्या आजीच्या, म्हणजे आपाच्या डोक्यावर चढला. पट्ट्याला जोडलेली पेटी बोलली, "म्हातारे, चहा टाकलास का?"

अख्खा क्लब गार. हुबेहूब माझे वारलेले सादिर आजोबा.

घरी येऊन आपानं जाहीर केलं, "सोमवारचं ऑपरेशन रद्द. भूल दिली की आठवणी पुसल्या जातात, सर म्हणाले. मग मी त्याच्याकडे यंत्रात रिकामी जाऊ?"

तिच्या हृदयाची झडप निकामी होत आली होती. आता उशीर म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मला संशय होता तो सरांच्या गोडबोल्या मदतनीस चोलपोनताईंचा. खेळाआधी त्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला चहा पाजत, गप्पा मारत. आपानं तर त्यांना आजोबांचे फोनवरचे निरोपही ऐकवले होते.

दुसऱ्या दिवशी क्लबात पट्टा आपाच्या डोक्यावर चढताच मी उभी राहिले. यंदा शाळेत वादविवाद जिंकल्यापासून गप्प बसणं मला जमतच नाही.

"सर, आजोबांना एक विचारू?"

"विचार ना बाळ. विज्ञानाला प्रश्न आवडतात."

"आजोबा, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

पेटी जरा घुटमळली. "उलुमा. फार मोठा माणूस."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आपाचे सासरे बोरुबाय, आणि बोरु म्हणजे लांडगा. म्हणून ती त्यांना उलुमा म्हणते, म्हणजे लांडग्यासारखा हेल काढून ओरडणारा. पण मुलगा बापाला तसं कशाला म्हणेल?

शेजारचे तुरसुन आजोबा पेटीला म्हणाले, "काय रे सादिर, मेल्यावर स्वतःच्याच घरात सून म्हणून आलास?"

क्लब हसून लोळला. सर घाईनं म्हणाले, "यंत्र आपांचं मन वाचतं, म्हणून तसं..."

"आपा, मनात तुला खरं नाव माहीत आहे ना?"

"न माहीत असायला काय झालं? आयुष्यभर गिळतेय ते."

"मग पट्ट्यानं मन वाचलंच नाही. तू चहा पिताना बोललीस, तेवढंच त्याला कळलं."

तोवर तुरसुन आजोबांनी पडदा बाजूला सारला होता. मागे चोलपोनताई, मांडीवर संगणक. त्या टाइप करायच्या आणि संगणक ते आजोबांच्या आवाजात म्हणायचा. फोनवरच्या निरोपांवरून असा आवाज बनवता येतो, आमच्या वर्गातली पोरंही मास्तरांचा बनवतात. पट्ट्यात नुसते लुकलुकणारे दिवे होते.

आपानं डोक्यावरचा पट्टा चाचपला. मग म्हणाली, "आवाज त्याचाच होता गं."

"होता. बोलत दुसरंच कुणी होतं."

तिनं पट्टा काढून सरांच्या हातात ठेवला. "सोमवारी मला लवकर उठव."

तिच्या छातीत आता माणसानं बनवलेली झडप आहे. ती कशी चालते हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, आणि माझ्या एकाही प्रश्नावर ते चिडले नाहीत. तंत्रज्ञानावर माझा विश्वास आहे तो याचसाठी. तेव्हा कुणी मरणावर इलाज घेऊन आला तर भारावून जाण्याआधी विचारा, हे चालतं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका.