नदीतला प्रसंग

नडीनने तो सिनेमा कधीच पाहिला नव्हता. काम मात्र तिनेच केलं होतं त्यात, आणि तेही मुख्य. जुनाट ट्रकमधून डोंगरापलीकडे चोरटी दारू पोचवणाऱ्या पोरीचं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कॅमेरेवाले अमेरिकेतल्या आर्कान्सासात तिच्या गावी आले, हॉटेलात कॉफी वाढणारी नडीन त्यांना आवडली आणि पोरीचं नशीब फळफळलं असंच सगळ्यांना वाटलं.

फळफळलं कसलं! सिनेमा शेजारच्या जिल्ह्यात लागला, गाडीत बसून बघायच्या मैदानात. तसल्या जागी चर्चचे लोक पाऊल टाकत नसत. बघून आले ते चार टवाळ, आणि त्यांनी गावभर केलं की नडीन नदीत उघडी उतरते. झालं! चर्चमध्ये बायका तिच्या बाकावरून उठून जाऊ लागल्या. आई गप्प झाली. थोरली बहीण ओनीटा तर दार अडवून म्हणाली, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." नडीन घसा फोडून सांगत राहिली, मी पेटीकोटात होते, गुडघाभर पाण्यात होते. ऐकतो कोण? ती दूर लिटल रॉक शहरात निघून गेली आणि तिथंच म्हातारी झाली. मध्यंतरी आई वारली.

आणि आता कुणी कर्टिस नावाचा गृहस्थ उगवला. विसरलेले सिनेमे गोळा करायचा त्याला नाद. या सिनेमाची एक प्रत त्याला सापडली आणि त्याने गावच्याच थिएटरात दुपारचा खेळ लावला. नडीनने ओनीटाला फोन केला. "एकदा डोळ्यांनी बघ, मग काय ते बोल." ओनीटा आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही, शेजारी येऊन बसली.

खरं सांगायचं तर धास्ती नडीनलाच होती. ओला पेटीकोट अंगाला किती चिकटला होता, कॅमेऱ्याला काय दिसलं होतं, देव जाणे! इतकी वर्षं ठणकावून सांगितलेलं पडद्यावर खोटं ठरलं तर?

प्रत जुनी, रंग विटून सगळं गुलाबी झालेलं. नदी आली. पेटीकोटातली नडीन गुडघाभर पाण्यात उतरली, आणि दुसऱ्याच क्षणी पडद्यावर एक पाठमोरी, पार उघडी बाई. तोंड दिसेना. केस तांबडे की काळे, त्या गुलाबी रंगात तेही कळेना. नडीन पुढे वाकून निरखू लागली.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" ओनीटा फिस्कारली.

"ती मी नाही गं, ओनीटा."

"पुरे कर!"

तेवढ्यात ती बाई उंच खडकावर चढली, तिने असा झकास सूर मारला म्हणता, आणि सपासप हात मारत पैलतीराला लागलीसुद्धा.

ओनीटाने आ वासला. मग तिला हसू फुटलं ते आवरेचना. "ही तू? अगं, बाप्तिस्म्याला कमरेएवढ्या पाण्यात तू पाद्रीबुवांच्या गळ्यात पडून त्यांनाच बुडवलंस! बिचाऱ्यांना दोघांनी ओढून काढलं!"

"त्यांनी नाक दाबलं माझं, न सांगता!"

मागच्या रांगेतून कर्टिस म्हणाला, "असं तेव्हा सर्रास चालायचं, बाई. गल्ला वाढावा म्हणून वितरक परस्पर भलत्याच बाईचं चित्रण करायचे आणि मध्ये चिकटवून द्यायचे. नटीला पत्ताही नसायचा."

नडीनच्या छातीवरची धोंड उतरली. ती हसली, रडली, पुन्हा हसली. पुढचा सिनेमा तिने काही धड पाहिला नाही.

बाहेर आल्यावर ओनीटा म्हणाली, "घरी चल. चिकन केलंय."

"इतकी वर्षं माफीची वाट बघितली, आणि तू देतेस काय, तर चिकन?"

ओनीटाचं हसू मावळलं. "आईने कधीच खरं मानलं नव्हतं," ती खाली बघत म्हणाली. "म्हणायची, माझी नडीन पाण्याला भिते, ती अशी उतरणारच नाही. लिटल रॉकला जाऊन तुला घेऊन येते म्हणत होती. मीच तिला गप्प बसवलं. चुकले गं मी."

नडीनने तिचा दंड धरला. रागवायचं होतं तिला, पण राग येईना.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "आई काय म्हणायची?"