चोर ओळखणारा खांब

"गप्प! कुणी हलायचं नाही. डोळा बघतोय!"

डोळेवाल्याने, म्हणजे हे यंत्र विकायला आलेल्या माणसाने, हात वर केला आणि अख्खी गल्ली श्वास रोखून उभी राहिली. पोरं कडेवर घेतलेल्या बाया, कामावरून परतलेले पुरुष, गॅलऱ्यांतून ओणवलेले म्हातारे, सगळे. गल्लीच्या तोंडाशी नवा लोखंडी खांब रोवला होता. खांबावर पांढरी पेटी आणि पेटीत बशीएवढी काळी काच. माझं औषधांचं दुकान खांबाच्या अगदी समोर, त्यामुळे हा तमाशा मला बसल्या जागी दिसत होता.

लोक एकेक करून खांबाखालून जात होते. पेटी मुकाट. मग एक अनोळखी तरुण आला आणि पेटीतून असा कर्कश भोंगा वाजला की माझ्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली. काचेभोवती लाल दिवे पेटले. चार जणांनी तरुणाला धरलं, खिसे उलटे केले, आणि त्यातून निघालं गल्लीच्या अध्यक्षांचं पाकीट!

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजींनी खांबाला हात जोडले. डोळेवाल्याने चोराला "पोलिसात देतो" म्हणून आपल्या माणसाबरोबर गाडीवर बसवून पाठवलं आणि घसा खाकरला.

"मंडळी, हा डोळा चेहरा बघत नाही. चेहरा कुणीही धुऊन येतं. हा नियत बघतो! माणसाच्या चालीतून, नाडीतून निघणाऱ्या लहरी थेट उपग्रहावर जातात. तिथला महासंगणक पापणी लवायच्या आत निकाल खाली धाडतो. माणूस चुकेल, पोलीस चुकेल, डोळा चुकणार नाही!"

पूर्वी असली माणसं जटा वाढवून यायची, आता गळ्यात ओळखपत्र अडकवून येतात. बाकी बडबड तीच.

"उपग्रहाला वरून नाडी कळते?" गर्दीतून प्रश्न आला. माझ्या नणंदबाईंचा. मी त्यांना वन्सं म्हणते. शाळेत विज्ञान शिकवतात आणि घरीही शिकवायचं थांबत नाहीत. "मग डॉक्टर मनगट कशाला धरून बसतात?"

"ताई, विज्ञान फार पुढे गेलंय."

"गेलं असेल. पण मला न सांगता इतकं पुढे?"

कुणी हसलं नाही. लोक घाबरलेले होते, आणि उगाच नव्हे. गल्लीच्या वळणावरचा दिवा कधीचा बंद होता आणि त्या अंधारात दोन बायकांच्या पर्स हिसकावल्या गेल्या होत्या. एकीला फरफटत नेलं होतं. दिव्यासाठी अर्ज करायचं ठरलं होतं, ते आता बारगळलं. "डोळा असताना दिवा कशाला?" अध्यक्ष म्हणाले. घरटी वर्गणी सुरू झाली. खांबाखाली स्टूल टाकून डोळेवाल्याचा माणूस बसू लागला. डोक्याला टोपी, दोन्ही हात पँटच्या खिशात. हा म्हणे तंत्रज्ञ.

डोळा रोज ओरडू लागला. भंगारवाल्यावर ओरडला, गवंड्यांवर ओरडला, नाल्यापलीकडच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या पोरींवर ओरडला. ओरडला की झडती. कुणाकडे काही सापडायचं नाही, पण त्याने काय बिघडतं? "आज चोरी केली नसेल, मनात तर होती!" मनाची झडती कशी घेणार? आणि गल्लीतल्या एकाही माणसावर डोळा कधी ओरडला नाही. लोकांना हा यंत्राच्या अचूकपणाचा पुरावा वाटायचा.

मग डोळा मावशींवर ओरडला.

अध्यक्षांचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. त्यांचं खाणंपिणं, धुणंपुसणं, कूस बदलणं सगळं मावशी करायच्या. वस्तीतूनच यायच्या. त्या दिवशी संध्याकाळी त्या परत निघाल्या आणि भोंगा वाजला. मी दुकानातून धावेपर्यंत त्यांची पिशवी रस्त्यावर ओतलेली होती. रिकामा डबा, छत्री, मलमाची ट्यूब. ते मलम त्यांनी म्हाताऱ्यासाठी स्वतःच्या पैशाने माझ्याकडूनच नेलं होतं. मी तसं ओरडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

"काय सापडलं?" वन्संनी गर्दीत घुसत विचारलं.

"यंत्र उगाच नाही ओरडत," अध्यक्ष म्हणाले. "उद्यापासून येऊ नका, मावशी."

"अहो, तुमच्या वडिलांना आंघोळ घालते मी," मावशी म्हणाल्या. "त्यांना विचारा ना!"

"त्यांना बोलता येत असतं तर तुमची गरज पडली असती का?"

यावर लोक हसले. हो, हसले. गर्दीतल्या कुणीतरी मावशींना ढकललं, त्या फुटपाथच्या कडेवर हातावर पडल्या. मनगट सुजलं. मी दुकानात बसवून पट्टी बांधली. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता वस्तीत तोंड कसं दाखवू? तिथंही लोक म्हणतील, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

त्या रात्री वन्सं भरल्या ताटावरून उठल्या. एरवी आमच्या घरात ते अशक्यच.

यंत्राचं बिंग फुटलं ते आमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. आमचं घर दुकानाच्या वर. सारखी हाक मारायला नको म्हणून मी नुकतीच बाजारातून बिनतारी घंटी आणली होती. बटण खाली दाराशी, घंटी वर स्वयंपाकघरात. पण आम्ही कुणी बटण दाबायच्या आधीच घंटी वाजायची, सासूबाई कण्हत जिना उतरायच्या, आणि दारात चिटपाखरू नसायचं.

"मेली चावट कार्टी!" सासूबाई एका दुपारी कडाडल्या. "वाजवतात आणि पळतात. त्यात तो खांबही नेमका तेव्हाच बोंबलतो. डोकं उठतं नुसतं!"

वन्सं वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आई, नेमका तेव्हाच?"

"मग काय खोटं सांगते?"

वन्सं खिडकीशी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने खालून एक हमाल चालला. टोपीवाल्याचा खिशातला हात किंचित हलला. खांब ओरडला. आणि आमच्या स्वयंपाकघरात घंटी वाजली.

वन्सं ताडकन उठल्या, जिना उतरल्या, दाराचं बटण भिंतीवरून उचकटलं आणि वर येऊन खिडकीतून दाबलं. गल्लीत एक मांजर सोडून कुणी नव्हतं. खांब जिवाच्या आकांताने ओरडला! मांजर उडालं, टोपीवाला स्टुलावरून उडाला आणि खिसा चाचपू लागला.

"स्वस्तातल्या घंट्या गं," वन्सं म्हणाल्या. "एका साच्यातल्या कित्येकींचा इशारा सारखाच असतो. त्याने पेटीत घातलीय आणि आपण दाराला लावलीय." हसल्या नाहीत. दात-ओठ खात होत्या.

मी म्हटलं, "वन्सं, आत्ताच जाऊन सांगू या."

"सांगून ऐकतील ही माणसं? त्यांना दाखवावं लागेल."

रविवारी सकाळी डोळेवाला दुसऱ्या खांबाची वर्गणी मागायला आला. पुन्हा गर्दी, पुन्हा लहरी, पुन्हा उपग्रह. वन्संनी आग्रह करून मावशींनाही बोलावून आणलं होतं. त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर पट्टी बांधलेला हात धरून उभ्या होत्या. त्यांना बघून कुणीतरी थुंकलं.

"डोळा कधीच चुकत नाही?" वन्संनी मोठ्याने विचारलं.

"त्रिकालात नाही!"

"मग अध्यक्षांनी आधी चालून दाखवावं. म्हणजे आमच्यासारख्या शंकेखोरांची तोंडं बंद होतील."

अध्यक्ष छाती काढून खांबाखालून निघाले. भोंगा वाजला. लाल दिवे पेटले. अध्यक्ष जागीच गोठले.

"धूळ... काचेवर धूळ बसली असेल," डोळेवाला पुढे धावला. तो खांबाखाली पोचला आणि डोळा त्याच्यावर ओरडला. तो मागे सरला, तरी ओरडला.

"घ्या ना झडती!" वन्सं म्हणाल्या. "का थांबलात? नियत बघतो ना हा? का आता नियत बदलली त्याची?"

"ही बाई करणी करतेय यंत्रावर!" कुणीतरी ओरडलं. "ओढा तिला बाहेर!" दोघेतिघे अंगावर आले. वन्संनी हात वर करून मूठ उघडली. तळव्यावर दाराच्या घंटीचं बटण होतं. त्यांनी ते सगळ्यांदेखत दाबलं. खांब ओरडला. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडला.

"असंच बटण त्या टोपीवाल्याच्या खिशात आहे. काढायला सांगा."

टोपीवाला पळाला, पण हमालांनी धरला. खिशातून बटण निघालं. शिडी लावून पेटी उघडली तेव्हा आत एक घंटी, एक भोंगा, लाल दिव्यांची माळ आणि बॅटरी. काचेमागे कॅमेरा नव्हता. पुठ्ठा होता. दोन दटावण्यांत टोपीवाल्याने हेही सांगून टाकलं की पहिल्या दिवशीचा चोर आपलाच सख्खा मेव्हणा. पाकीट अध्यक्षांच्या खिशातून आधीच मारलेलं होतं.

डोळेवाल्याला पोलिसांनी नेलं. तरी माझा संताप निवला नाही, कारण लगेच कुणीतरी म्हणालं, "खोटा का असेना, पण त्या लोकांना वचक तरी होता!"

"कुठल्या लोकांना?" वन्सं गर्रकन वळल्या. "त्या माणसाला तुमच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की तुम्हाला कोण चोर वाटतं. तुमच्या मनातला संशयच त्याने खिशात हात घालून वाजवला. भोंगा त्याचा होता, आरोप तुमचा होता. आणि या सगळ्यात पर्स हिसकावणारा खरा चोर कुठे आहे, कुणी शोधलं?"

लोक एकेक करून पांगले. अध्यक्ष चोरट्यासारखे मावशींजवळ आले. "बाबांना पाठीवर जखमा झाल्यात. उद्यापासून याल का?"

"बाबांसाठी येईन," मावशी म्हणाल्या. "आधी वस्तीत चला माझ्याबरोबर. माझ्या मुलीसमोर सांगा की तिची आई चोर नाही."

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी त्यांच्या मदतीला आलं नाही. मग खाली मान घालून ते मावशींच्या मागोमाग नाल्यावरच्या पुलाकडे चालू लागले.

यंत्रांशी माझं वैर नाही. माझ्या दुकानातला रक्तदाब मोजायचा पट्टा यंत्रच आहे, पण तो श्रीमंताचा आणि गरिबाचा रक्तदाब एकाच मापाने मोजतो आणि चुकला तर मी तो बदलते. उद्या तुमच्या रस्त्यावर कुणी असा खांब रोवला, तर हात जोडण्याआधी पेटी उघडायला लावा. आत काय आहे, ते कोण चालवतं, चुकलं तर जाब कोण देणार, हे विचारा. आणि यंत्राने दुसऱ्याला चोर म्हटल्यावर आपल्याला बरं वाटलं, तर तेव्हा सर्वांत आधी स्वतःवर संशय घ्या.