साठ हातांची नळी

"चूल असती तर फुंकली असती. याले काय फुंकू मी? अन् कुठून?"

आत्याबाई शेगडीशी बोलत होत्या. पण मी, त्यांची सून, मांडीला मांडी लावून पीठ मळत होते, तेव्हा ऐकवणं मलाच होतं. तव्यावर भाकर होती आणि तिला जाळ लागत नव्हता. आत्याबाईंनी तव्याखाली तळहात नेला.

"शेगडी जळून राह्यली, आत्याबाई," मी घाईनं म्हटलं. "बारीक झाली फक्त."

त्यांनी हात मागं घेतला.

शेणाच्या गॅसवरची ही शेगडी घरी येऊन महिना झाला होता. अनसिंगच्या आसपास अशी दुसरी नव्हती, त्यामुळे बघायला येणाऱ्यांच्या चहातच अर्धा गॅस जायचा. गोठ्यामागं खड्डा, त्यात शेणाचा काला, आणि वर उपडी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस साठला की टाकी वर उचलली जायची आणि तिच्या वजनानं तो नळीतून घराकडं यायचा. गोठ्यापासून शेगडीपर्यंत साठ हात. मध्ये मेथीचे वाफे.

नळी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निवडली होती. मामाजी जन्मभर भाजीच्या मळ्यात राबलेले. पाटाचं तोंड हातानं दाबलं की पाणी जोरानं पुढं सुटतं, तर नळी जितकी बारीक तितका जोर, असा त्यांचा हिशेब. तो कोणालाही पटला असता. आम्हा सगळ्यांना पटला. त्यांनी अर्ध्या इंचाची नळी आणून वाफ्यांखालून स्वतः पुरली. एकट्या शेगडीला ती पुरत होती. मग परवा त्यांनी त्याच नळीवर चालणारा जाळीचा गॅसदिवा आणून स्वयंपाकघरात टांगला. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, भर दुपारीही आत अंधार. दिवा उजळला, आणि शेगडीनं मान टाकली.

हा सगळा खटाटोप आत्याबाईंच्या डोळ्यांसाठी होता. चुलीतल्या ओल्या पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या काटक्यांच्या, धुरात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. धूर थांबला, वर चांगला उजेड मिळाला, की डोळे निवळतील, असं मामाजींनी मनाशी धरलं होतं. घरात कोणी त्यावर काही बोललं नाही. मिठाचं भांडं मी न चुकता त्यांच्या डाव्या हाताला ठेवायची. मामाजी आत येताना खोकायचे. दारापासून मोरीपर्यंत एक दोरी बांधली होती, तिला आम्ही कपड्यांची दोरी म्हणायचो. तिच्यावर कपडा कधी पडला नाही.

त्या दुपारी मामाजींनी वाशीमहून रतनसिंग मेस्त्रींना बोलावलं. मेस्त्रींनी पावलांनी अंतर मोजलं, दिवा लावून पाहिला, विझवून पाहिला.

"पाण्याचं गनित हितं चालत नाही, भाऊ," ते म्हणाले. "पाण्याले मागून मोट लोटते. याच्या मागं टाकीचं वजन, बस. बारीक नळीत साठ हात घासत येता येता त्याचा दम सरते. इतक्या लांबून दोन जाळ पेटवाचे तर एक इंची पाह्यजे."

"मंग बदलू."

"सारी मेथी उकरा लागन."

आठ दिवसांनी ती मेथी बाजारात जायची होती. "उकरू," मामाजी म्हणाले आणि कुदळ घेऊन आले.

मेस्त्री माणूस भला होता. म्हणाला, "दिव्याची नड नसन तर हाय ते राहू द्या. चुलीले पुरते हे. एवढा दिवा पाह्यजे तरी कोनाले?"

मामाजी खोकले. ते तर आतच उभे होते.

"हिले," ते म्हणाले. "उजेड असला की दिसते तिले. काल म्हने, बरं दिसून राह्यलं म्हून. म्हनलं ना वं?"

"म्हनलं," आत्याबाई म्हणाल्या.

"राहू द्या नळी, मामाजी," मी म्हटलं. "डबे पाठ हायेत आमाले. अंधाराचं काई वाटत नाही."

बोलून गेले आणि 'आमाले' म्हणताना मी स्वतःलाही त्यात धरलं, ते माझं मलाच ऐकू आलं. मामाजींनी कुदळ खाली टेकवली. मेस्त्री नळीचा तुकडा हातात फिरवत राहिले.

आत्याबाईंनी शेगडी बंद केली. हात चाचपत माझ्या तोंडापर्यंत आणला आणि पिठाचा अंगठा माझ्या पापणीवर टेकवला.

"डोये चुरचुरतात का वं तुये, पंचफुले?"

"नाही."

"मलेई तुया वयात नाहीच म्हनाची सवय होती."

मग त्यांनी तोंड दाराकडं वळवलं. मामाजी दोन पावलं अलीकडं होते.

"आयका. मेथी जाऊ द्या, मोठी नळी टाका. पन दिवा माया नावानं लावू नोका, हिच्यासाठी लावा." त्यांचा अंगठा माझ्या पापणीवरच होता. "मले दिवाई दिसत नाही अन् जाळई दिसत नाही. पोळ्याच्या सनापासून मले काईच दिसत नाही."