नाटकातली आई

आई कित्येक वर्षं लिथियमच्या गोळ्या घेत होती. त्याआधी ती भाजी आणायला म्हणून निघायची आणि भलत्याच गावात सापडायची. एकदा तर दोन्ही मुलांना गॅलरीत कोंडून गेली होती. गोळ्या सुरू झाल्या आणि ती थाऱ्यावर आली. शाळेत शिकवणाऱ्या थोरल्या मुलीला हीच आई हवी होती. धाकट्याला मात्र जुनी, गाणारी आई आठवायची.

तो नाटकं लिहायचा. नव्या नाटकातली आई गोळ्या खाऊन खुर्चीत मख्ख बसून राहते, शेवटी बाटली प्रेक्षकांत भिरकावते आणि गाऊ लागते. त्या जागेला हमखास टाळ्या पडत.

"तिला नेऊ नकोस," ताई म्हणाली होती. त्याने नेलंच, तेही पहिल्या रांगेत.

परतताना आई म्हणाली, "मी अशी दिसते होय रे तुला?"

"नाटक आहे गं ते."

"निदान कपडे तरी बरे द्यायचे तिला."

तो हसला. ती हसली नाही.

तिने कुणालाही न सांगता गोळ्या सोडल्या. पुढच्या महिन्यात ती स्वयंपाक करताना गाऊ लागली, त्याला उठसूट फोन करू लागली. त्याला वाटलं, आपण नाटकात लिहिलं ते खरंच होतं.

"गोळ्या घेतेय ना ती?" ताईने विचारलं.

"घेतेय. मी विचारलं तिला."

त्याने विचारलं नव्हतं.

एका दुपारी आई गच्चीच्या कठड्यावर उभी राहून गात होती. खालच्या दुकानातल्या शिंप्याने हाक मारली. ती हसत वळली आणि तिचा तोल गेला.

जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्याने नाटकाचा शेवट बदलायला घेतला. "लोक त्या बाटलीसाठीच येतात," दिग्दर्शक म्हणाला. तो हट्टाला पेटला. नव्या प्रयोगात नटीने गोळी गिळली आणि शांतपणे भांडी आवरायला घेतली. लोक चुळबुळत उठून गेले. थोड्याच दिवसांत नाटक बंद पडलं.

त्याने इस्पितळात येऊन हे सांगितलं. ताईने मान वर केली नाही.

"मग आता काय लिहिणार?" आईने पडल्यापडल्या विचारलं.

ताईने मऊ भाताची वाटी त्याच्या हातात दिली आणि ती बाहेर निघून गेली. त्याने चमचा पुढे केला. आईने मुकाट्याने तोंड उघडलं.